नीलमातला दोष

“ह्यात काही नाही, पारसभाई. तिसऱ्यांदा बघतोय. काही म्हणजे काही नाही.”

अप्पांनी नीलम पाण्याच्या पेल्यातून चिमट्यानं उचलला, रुमालावर टिपला आणि पांढऱ्या कागदावर पुन्हा पालथा ठेवला. पारसभाई समोर गादीवर मांडी घालून बसले होते. ते जयपूरचे, दगडांचे फिरते व्यापारी. वर्षातून दोनदा कोल्हापुरात यायचे, स्टँडजवळच्या लॉजवर उतरायचे, आणि त्यांच्या कागदी पुड्या इतर सराफांपुढं उलगडण्याआधी आमच्या दुकानाच्या माडीवर उलगडल्या जायच्या. दामूशेट वेर्णेकरांनी, म्हणजे अप्पांनी, माझ्या वडलांनी, उचललेला दगड गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ पेठेत, पुन्हा कोणी भिंगाखाली धरत नसे.

“काही नाही तर मग बदलता कशाला, शेट? असा सिलोनी माल मला तरी परत कुठं मिळणार?”

“घरात मानवला नाही.”

“अच्छा,” पारसभाई म्हणाले.

नीलम शनीचा. इतर दगडांसारखा आणला आणि बोटात घातला, असं त्याचं चालत नाही. आधी निळ्या फडक्यात बांधून दंडावर ठेवायचा आणि दोन-तीन रात्री निजून बघायचं. वाईट स्वप्न पडलं, कुठं पडझड झाली, अंग मोडून आलं, की दगड मानवला नाही म्हणायचं आणि व्यापाऱ्याला परत करायचा. म्हणून नीलम आधी जांगड देतात. पटला तर ठेवा, नाही तर आणून द्या. गुजरीत ह्यावर कोणी वाद घालत नाही. अप्पाही घालत नसत. “मी दगड सांगतो, ग्रह सांगत नाही,” एवढंच ते गिऱ्हाइकाला म्हणायचे.

ह्या वेळी गिऱ्हाईक आम्हीच होतो.

माझा धाकटा भाऊ हेरंब तेव्हा कॉलेजात होता. मानेत गाठी आल्या, तपासण्या झाल्या, आणि त्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला लागलं. महिन्यातून दोनदा सलाईनमधून औषध, मग आठवडाभर उलट्या, मग थोडं बरं, मग पुन्हा मिरज. केस गेले, भुवया गेल्या. पण गाठी विरघळल्या. गेल्या खेपेला डॉक्टरांनी मान चाचपून बघितली आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. “थोडंच राहिलंय. पोरगं सुटलं तुमचं,” ते म्हणाले. आणि लगेच बोट उगारून, “पण एक ध्यानात ठेवा. ह्याच्या रक्तात सध्या लढायला कोणी नाही. ताप आला तर मला विचारत बसू नका. उचला आणि आणा.”

हे ऐकायला आम्ही चौघंही तिथं होतो. आईसुद्धा.

साडेसाती आईनं काढली. त्याची रास, शनीचं घर, शेवटचं अडीचकं कठीण, हे सगळं तिला तिच्या माहेरच्या शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं. औषधानं गाठी गेल्या ते तिला मान्य होतं. त्या परत येऊ नयेत ह्यासाठी मात्र तिला नीलम हवा होता, आणि तो अप्पांच्या हातचा हवा होता. “जगाला निवडून देता, तर पोराला द्या की,” ती म्हणाली. अप्पांनी निवडला. शनिवारी दंडाला बांधला. रविवारी दिवेलागणीच्या सुमाराला हेरंबचं अंग तापलं.

“काढ तो आधी!” आईनं फडक्याची गाठ सोडायला घेतली. “बघा, अंगाला लागला नाही तोवर ताप. कडक आहे. मानवला नाही त्याला.”

“आई, दगडानं ताप चढतो तर थर्मामीटर कशाला ठेवलाय घरात?” हेरंब म्हणाला. “पारसभाईंनाच काखेत धरतो.”

“थट्टा नको करूस शनीची.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?” मी म्हटलं.

अप्पा दारात उभे होते. ते हेरंबकडं बघत होते आणि हेरंब त्यांच्याकडं. “अप्पा, आज नको ना,” तो म्हणाला. “परवाच्या सुयांनी हात अजून काळा आहे. उतरतोय का बघू.”

आईनं दगड अंगणात तुळशीच्या कुंडीत नेऊन ठेवला. हेरंबला क्रोसिन दिली. जेवणवेळेपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला आणि अंग गार पडलं. आईनं दोन्ही हात जोडले. मी गोळीचं पाकीट उचलून तिच्यापुढं धरलं तर ती म्हणाली, “गोळ्या काय आधी नव्हत्या दिल्या? दगड निघाला म्हणून उतरला.”

सोमवारी सकाळी हेरंब उशीला टेकून बसला होता. त्यानं अर्धा कप चहा घेतला, बिस्किट खाल्लं. अप्पा म्हणाले, “मी टॅक्सी सांगतो. एकदा दाखवून आणू.”

“न्या. मी नको म्हणते का?” आई म्हणाली. “पण रिकाम्या दंडानं नाही पाठवायची त्याला. अर्ध्यावरून शनी काढून टाकला म्हणजे तो डिवचला जातो. पारसभाई संध्याकाळच्या गाडीनं निघालेत ना? आत्ता जा, दुसरा आणा, बांधू, आणि मग न्या. दुपारपर्यंत काय होतंय? ताप कुठाय आता?”

ताप खरोखर नव्हता. अप्पांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितला, मानेखाली ठेवून बघितला. मग चपला घातल्या.

तुळशीतला दगड मी घ्यायचा होता. कुमारिकेला शनी बाधत नाही, असं आईचं म्हणणं.

म्हणून त्या सकाळी आम्ही माडीवर होतो. आभाळ भरून आलेलं. अप्पांना दगड बघायला उत्तरेची खिडकी आणि सकाळचा उजेड लागायचा. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली नीलम शाईसारखा दिसतो आणि ट्यूबखाली नको इतका देखणा, असं ते म्हणत. त्या दिवशी उजेडच येत नव्हता. ढग सरकेपर्यंत ते हातात चिमटा धरून थांबायचे, उजेड आला की बघायचे, गेला की पुन्हा थांबायचे.

त्यांची बघायची रीत उलटी होती. सगळे आधी रंग बघतात. अप्पा आधी घाट बघायचे. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दगड ठेवायचा. आरपार अक्षरं वाचता आली तर तो उथळ घासलेला. उजेड आत खेळत नाही, खालून गळून जातो. मग भिंग डोळ्याला लावून दगडाचं पोट बघायचं: चीर, धुकं, रेशमासारखे तंतू. आणि सगळ्यात शेवटी रंग. “रंग एकदा डोळ्यात भरला की दोष दिसायचे बंद होतात,” असं त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं. ही विद्या ते हेरंबला देणार होते, पण त्याला दगडात गोडी नव्हती. ती मला होती.

पारसभाईंनी नवी पुडी उलगडली. एक दगड अप्पांनी कागदावर ठेवल्या ठेवल्या बाजूला सारला. मधोमध ठळक अक्षर दिसत होतं. एक आतून दुधाळ निघाला. एक वरून जवसाच्या फुलासारखा होता, पण पाण्यात सोडल्यावर कळलं की सगळा निळा रंग एका कोपऱ्यात गोळा झालाय आणि बाकी दगड पांढराच आहे.

“शेट, तुम्ही स्थळं बघायला गेलात तर कोणाचं लग्न व्हायचं नाही,” पारसभाई म्हणाले.

“म्हणून तर ही घरात आहे अजून,” अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. आम्ही तिघंही थोडं हसलो.

“अप्पा, निघू या ना,” मी म्हटलं. “हा काय वाईट आहे?”

“रेशीम आहे आत.”

“थोडंसंच आहे.”

“वृंदा, हाही मानवला नाही तर? तिसरा शोधायला आपल्याला वेळ नाही.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. आयुष्यभर ग्रहांना दुकानाच्या पायरीशी थांबवणारा हा माणूस पोरासाठी निवडताना घाबरला होता. एकेका दगडाला ते तीन दगडांचा वेळ देत होते. मधूनच सगळे बाजूला सारून पुन्हा तो पहिलाच दगड उचलायचे. “ह्याचं काय बिनसलं कळत नाही,” ते पुटपुटले आणि भिंग माझ्या हातात दिलं. “तू बघ. तुझे डोळे तरणे आहेत.”

मी बघितलं. आत स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की नजर तळाला लागेपर्यंत कुठंच अडत नव्हती. घाट खोल आणि सारखा, रंग मोराच्या मानेचा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तोच.

“काही नाही,” मी म्हटलं.

“काही नाही,” अप्पा म्हणाले.

“नाहीच आहे, शेट,” पारसभाई म्हणाले.

शेवटी एक लहानसा, पहिल्यापेक्षा फिका दगड अप्पांनी उचलला. खाली उतरलो तेव्हा दुकानं जेवणासाठी बंद होत होती.

घरी आई उंबऱ्यातच उभी होती. “आणलात? द्या आधी. हुडहुडी भरलीय त्याला.”

हेरंबच्या अंगावर दोन गोधड्या आणि वर माझी शाल होती, आणि तरी खाट हलत होती. त्याचे डोळे उघडे होते. मला बघून त्यानं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण दात वाजत होते. अप्पांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“केव्हापासून?”

“तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं. म्हटलं तुम्ही येतच असाल. दगड...”

अप्पांनी पुडी तिच्या हातात टाकली आणि टॅक्सीसाठी धावत सुटले. त्यांना धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. गाडी येईपर्यंत आईनं निळं फडकं फाडून नवा दगड त्याच्या दंडाला बांधला. तिची बोटं घामानं सारखी निसटत होती, आणि ती त्याला म्हणत होती, “झालं हं राजा, आता झालं.”

मिरजेला त्याला आत घेतलं. आई त्याच्याबरोबर गेली. डॉक्टर बाहेर आले ते अप्पांपाशी थांबले.

“ताप केव्हा आला?”

अप्पा म्हणाले, “काल. दिवेलागणीला.”

ते चांगले गृहस्थ होते. “काल आणायला हवं होतं हो,” ते एवढंच म्हणाले, तेही रागानं नाही. “काल काहीतरी करता आलं असतं.” मग ते आत गेले. अप्पा भिंतीला हात लावून तिथंच उभे राहिले.

हेरंब दुसऱ्या दिवशी उजाडताना गेला. दंडावरचं फडकं नर्सनं कापून काढलं आणि आतला दगड एका वाटीत घालून माझ्याकडं दिला.

सुतकाच्या दिवसांत गुजरीतली माणसं येऊन बसत. सराफ, कारागीर, पाटल्या घडवणारे, जडावाचं काम करणारे. पारसभाई जाणं लांबवून थांबले होते. तेही येत, कोपऱ्यात बसत. आई पहिले दोन दिवस बोललीच नाही. मग एका दुपारी, खोली भरलेली असताना, ती भिंतीला टेकून अचानक बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता.

“मी थांबवलं. हे टॅक्सी आणत होते. मीच म्हटलं, दुपारपर्यंत काय होतंय. डॉक्टर बोट दाखवून सांगत होते, मी ऐकलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी. ताप आला तर उचला म्हणून. मी...” तिनं कपाळावर हात मारून घेतला. एकदा, दोनदा. बायकांनी तिचा हात धरला. तिनं तो हिसडून सोडवला. “धरू नका मला. माझ्या हातानं गेलं माझं पोर.”

“तुझ्या हातानं नाही,” अप्पा म्हणाले.

ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सतरंजीवर बसले होते.

“दगडात चीर होती,” अप्पा म्हणाले. “पहिल्या दगडात. मला दिसली नाही. परत घेऊन गेलो तेव्हा दिसली. मी बोललो नाही. चिरेचा नीलम अंगावर बांधला मी त्याच्या. तो बाधला. नंतर पोराला दवाखान्यात नेलं काय, न नेलं काय, डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता.”

ज्यांच्या पेढीवर तीस वर्षं अप्पांच्या शब्दावर दगड विकले गेले ती माणसं खाली सतरंजीकडं बघत होती. कोणीतरी खाकरलं.

आईनं मान वर केली. “चीर होती?”

“होती.”

“तुम्हाला दिसली नाही?”

“नाही दिसली.”

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिच्या तोंडून जे आलं ते मी इथं लिहीत नाही. ते तिनं सगळ्यांसमोर, नवऱ्याला, पदर खांद्यावरून ढळलेला असताना बोलून घेतलं, आणि बोलता बोलता इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. अप्पा ऐकत राहिले. तिचं संपल्यावर ते उठले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले. तिनं पेला भिरकावला.

पारसभाई निघाले तेव्हा मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. अप्पा तिथं आधीच उभे होते.

“शेट,” पारसभाई हळूच म्हणाले, “चीर कुठं होती?”

अप्पांनी त्यांच्या चपला सरळ करून पुढं ठेवल्या.

“मी बघितला होता तो दगड. ताईनं बघितला. तुम्ही चार वेळा बघितला. माझ्या नावाचं सोडा, पण उद्यापासून गुजरीत तुमच्या हातात कोण दगड देईल?”

“कोणी देणार नाही.”

“मग?”

“पारसभाई,” अप्पा म्हणाले, “पोरगं गेलं. तिला अजून जगायचंय.”

पारसभाईंनी चपला घातल्या. पहिल्या पायरीवर उतरून ते परत वळले आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “मलाही नाही दिसली, शेट. मी जयपूरचा असून मला नाही दिसली.”

अप्पा म्हणाले तसंच झालं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण पुड्या माडीवर यायच्या थांबल्या. पुढं त्यांनी माडी भाड्यानं दिली आणि एका ओळखीच्या सराफाकडं चांदीच्या काउंटरवर बसायला लागले. जोडवी, पैंजण, बाळाचे वाळे. आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण घरात कुणी मोठा आवाज केला, दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की तिच्या तोंडी तेच यायचं: “ह्यांच्या नजरेतून काय काय सुटेल सांगता येत नाही.” अप्पा “खरं आहे” म्हणायचे. माझ्या लग्नानंतर एकदा मी त्यांना म्हटलं, “आता सांगा तिला. इतकी वर्षं झाली.” ते वाळ्यांना पॉलिश करत होते. म्हणाले, “ती जेवते का नीट? झोपते का? मग झालं.” ते गेले तेव्हाही आईनं शेजारणीला सांगितलं, माणूस चांगला होता, पण एकदा चुकला.

गेल्या वर्षी मी तिला पुण्याला माझ्याकडं आणलं. हृदय थकलं होतं, पाय सुजलेले. बुद्धी शेवटपर्यंत लख्ख. ह्या श्रावणात एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, “वृंदा, तो दगड तू बघितला होतास ना गं? भिंगातून?”

“कुठला?”

“कुठला म्हणजे? हेरंबचा.”

“हो.”

“चीर होती त्यात?”

ह्या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होते, की उत्तर ताबडतोब आलं. “होती.”

“तुला दिसली?”

“मला दिसली. अप्पांनी भिंग दिलं, तेव्हा.”

“कुठं होती?”

“कडेला,” मी म्हटलं. “अगदी कडेला, खालच्या अंगाला. म्हणून पहिल्यांदा सुटली.”

आईनं डोळे उघडले. ती छताकडं बघत होती.

“हे मधोमध म्हणाले होते,” ती म्हणाली. “मी किती वेळा विचारलं असेल त्यांना. दरवेळी मधोमध म्हणायचे.”

माझा तेलाचा हात तिच्या घोट्यावर थांबला. बाहेर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होईना. आईचा श्वास वर-खाली होताना दिसत होता. मला वाटलं ती आता रडेल, किंवा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली होती तेच पुन्हा म्हणेल, माझ्या हातानं गेलं माझं पोर.

ती वळली. तिनं हात लांब करून माझं मनगट धरलं.

“मीच विसरले असेन,” ती म्हणाली. “म्हातारी झाले मी. कडेलाच म्हणाले होते ते. हो. कडेलाच.”

आणि लहान मुलाला निजवताना थोपटतात तसं तिनं माझ्या हातावर थोपटलं.